साडेबाराची पहिली हाक

मोठी ताई उंचीनं एवढीशी होती. एवढीशी म्हणजे किती, तर बालवर्गाच्या फाटकाची कडी काढायला तिला लाकडी स्टुलावर चढावं लागायचं. मुलांचा हात पोचू नये म्हणून कडी वर बसवली होती, आणि बसवणाऱ्या भल्या माणसाच्या हे डोक्यातच आलं नव्हतं की ताईचाही हात पोचणार नाही. उलट तिच्या हाताखालची बावीस वर्षांची मुलगी दारातून वाकून आत यायची, आणि तिला सगळे छोटी ताई म्हणायचे. नवे पालक हमखास घोटाळा करायचे. मग मोठी ताई कमरेवर हात ठेवून म्हणायची, "मोठी मी. वयानं, कामानं आणि आवाजानं. उंचीचं काय घेऊन बसलात?"

आवाजाचं मात्र अगदी खरं होतं. सव्वीस वर्षं तिनं या एका लांबट खोलीत, बुटक्या टेबलांमधून वाट काढत, तीन ते पाच वर्षांची पोरं सांभाळली होती. तिच्या एप्रनला दोन खिसे. उजव्यात नाकं पुसायचा रुमाल, डाव्यात दिवसभरात पोरांच्या तोंडातून काढलेला ऐवज, म्हणजे बटणं, खडे आणि एकदा तर कुणाच्या तरी मोठ्या बहिणीचा दुधाचा दात. रागावली की खिडक्या थरथरायच्या, आणि पाच मिनिटांनी त्याच पोराला मांडीवर घेऊन बसलेली दिसायची. लाडाला तोटा नव्हता. फक्त एक शब्द तिच्या वर्गात चालायचा नाही. छोटी ताई कामाला लागली त्या दिवशी एका रडक्या पोराला सहज म्हणाली, "रडायचं नाही हं, शहाणं बाळ ना तू?" मोठ्या ताईनं तिला तिथल्या तिथे बाजूला घेतलं. "हे बघ, त्याला राजा म्हण, सोन्या म्हण, अगदीच डोकं फिरलं तर गाढव म्हण. शहाणं म्हणायचं नाही." का, ते सांगितलं नाही. छोटीनं विचारलंही नाही, कारण तेव्हाचा ताईचा चेहरा काही विचारण्यासारखा नव्हता.

वर्गात मुलांच्या नावांनाही बंदी होती, पण त्याचं कारण सगळ्यांना ठाऊक होतं. एका वर्षी एकाच नावाच्या चार मुली आल्या. हाक मारली की चौघी धावायच्या, आणि एकदा त्यातली एक भलत्याच आईचं बोट धरून पार कोपऱ्यापर्यंत गेली. त्या आईलाही पत्ता नाही, बाई फोनवर बोलत होत्या! तेव्हापासून दप्तर अडकवायच्या खुंटीवर ज्याचं जे चित्र, तेच त्याचं नाव. छत्री, किल्ली, बदक, कासव. घरी काय म्हणायचं ते म्हणा, फाटकाच्या आत कासव ते कासव.

मुलं घरी सोडायची पद्धतही तिचीच. साडेबाराला ती स्टुलावर चढायची, कडी काढायची, फाटकावरून बाहेर बघायची आणि एकेक हाक द्यायची. "छत्री, आई आली!" "बदक, मावशी आली!" आपली हाक झाल्याशिवाय पोरानं जागा सोडायची नाही, आणि माणूस डोळ्यांनी दिसल्याशिवाय ताईनं हाक द्यायची नाही. सव्वीस वर्षांत तिची एकही हाक खोटी पडली नव्हती. आई-बाप "आत्ता येते" म्हणून तासभर येत नाहीत हे पोरांना पक्कं माहीत असतं, पण ताईनं हाक दिली म्हणजे माणूस आलाच.

गेली दोन वर्षं पहिली हाक ठरलेली होती : "कासव, आजोबा आले!"

कासव म्हणजे साडेचार वर्षांची मुलगी, आणि आजोबा म्हणजे तिच्या आईचे वडील. दोन गल्ल्या पलीकडे त्यांचं घड्याळं दुरुस्त करायचं दुकान होतं, दुकान कसलं, खोकंच ते. साडेबाराला पाच मिनिटं कमी असली की हा माणूस फाटकाशी हजर. ऊन असो, पाऊस असो, एक मिनिट अलीकडे नाही की पलीकडे नाही. डोळ्याला लावायचं भिंग दोरीनं गळ्यात लटकत असायचं, ते काढायचं रोज विसरायचे. आणि रोज वर्गातल्या घड्याळाकडे बघून म्हणायचे, "ताई, तुमचं घड्याळ झोपा काढतंय हो." ताईही ऐकून घेणारी नव्हती. "दुरुस्त तुम्हीच केलंय मागच्या महिन्यात," ती म्हणायची. मग आजोबा टोपी सरळ करायचे आणि विषय बदलायचे.

पण हाक झाली म्हणून कासव सरळ निघेल तर शपथ. आधी लपंडाव व्हायचा. एक दिवस लपायची पाळी कासवाची, दुसऱ्या दिवशी आजोबांची. कासवाची पाळी असली की ती घसरगुंडीखाली बसायची, दोन्ही बूट बाहेर ठेवून. आजोबा टोपीखाली शोधायचे, खिशात शोधायचे, कुंडीत डोकावायचे. "कुठे गेलं बुवा आमचं कासव?" आजोबांची पाळी असली की ताई त्यांना फाटकाच्या खांबामागे लपताना बघायची, हाक द्यायची आणि तोंड फिरवून हसू दाबायची. आजोबांचं पोट खांबाच्या दोन्ही बाजूंनी दिसायचं. कासवालाही दिसायचं, पण ती इकडेतिकडे हिंडून शेवटी ओरडायची, "हरले!" कारण "हरले" म्हटलं की लपलेल्यानं ताबडतोब बाहेर यायचं, ही आजोबांनीच घातलेली अट होती, आणि ते बाहेर यायचे ते मोटारीचा भोंगा वाजवत.

एका सोमवारी कासव घसरगुंडीखाली लपली आणि आजोबांनी अंगणभर पळत तिला शोधलं. मंगळवारी सकाळी त्यांनी दुकानाचं शटर अर्धं वर केलं आणि तिथेच पायरीवर बसले. त्यांचं हृदय बंद पडलं होतं. शेजारच्या शिंप्यानं पाहिलं तेव्हा सगळं संपलं होतं.

पुढच्या सोमवारी कासवाला घेऊन तिची आई आली. ती एका मोठ्या लॉन्ड्रीत इस्त्री करायची, नवरा लांब पल्ल्याच्या ट्रकवर, पंधरा दिवसांतून एकदा घरी. डोळे सुजलेले होते, पण केस नीट विंचरलेले होते. कासव खुंटीशी गेल्यावर ती हळू आवाजात म्हणाली, "ताई, बाबा गेले ते मी हिला सांगितलेलं नाही. बाहेरगावी कामाला गेलेत, येतील, असं सांगितलंय. तुम्हीही तेच म्हणा. एवढीशी पोर, तिला काय कळणार?"

"बाई गं, असं नका करू," हे ताईच्या अगदी जिभेच्या टोकावर आलं होतं. पण समोर ती बाई कशीबशी उभी होती, आणि घरच्यांनी सांगितलेलं शाळेनं खोडायचं नाही हा ताईचा जुना नियम. "बरं," ती म्हणाली. त्या "बरं"चा तिला दिवसभर राग येत राहिला.

कासव रडली नाही. डबा खाल्ला, चित्रं रंगवली. आता तिला न्यायला आई यायची, तीही एक वाजता, लॉन्ड्रीतून सुटून धावतपळत. जी पोर रोज पहिली जायची ती आता सगळ्यांना जाताना बघत बसायची. बाकी सगळं ठीकच आहे म्हणेपर्यंत कपाटांचं सुरू झालं. चटयांचं कपाट उघड, भांड्यांचं उघड, बाहुल्यांच्या घरात डोकं घाल, वाळूवरचं ताडपत्रीचं झाकण उचलून बघ. मोरीचं दार तर दिवसातून दहादा. उघडायचं, आत बघायचं, काहीतरी पुटपुटायचं आणि बंद करायचं. छोटी ताई कावली. "अगं, काय हवंय तुला? किती उचकापाचक करशील?" कासव म्हणाली, "काही नाही." मोठी ताई बघत होती आणि तिच्याही काही लक्षात येत नव्हतं. सव्वीस वर्षांचा अनुभव म्हणे! कधीकधी तोही नुसता बसून असतो.

मग तो बुधवार उजाडला. सकाळपासून काही ना काही बिनसत होतं. निळा रंग सांडला, तो तीन पोरांनी पायानं खोलीभर नेला. बदकाला उलटी झाली. किल्लीनं छत्रीच्या हाताला चावा घेतला आणि वर म्हणाला, "तिनंच हात तोंडात दिला." या धबडग्यात साडेबारा वाजले. ताई स्टुलावर चढली, कडी काढली आणि डोळे बाहेर जायच्या आधीच तोंड उघडलं. दोन वर्षांची रोजची हाक. जीभ आपली आपणच चालली.

"कासव, आजोबा आले!"

हाक गेली आणि ताईचा हात कडीवरच राहिला. बाहेर उभ्या असलेल्या आयांनी खांबाकडे वळून पाहिलं. खांबापाशी कुणी नव्हतं. "अरे देवा," ताई म्हणाली, "हे काय बोलून गेले मी!" तिनं वळून पाहिलं. आता पोर हंबरडा फोडणार असं तिला वाटलं. फोडला असता तर परवडलं असतं.

कासव हसत होती. दोन आठवड्यांत हसली नव्हती इतकी, या गालापासून त्या गालापर्यंत. ती उठली आणि ताई स्टुलावरून उतरेपर्यंत तिच्या कोपराखालून, उघड्या फाटकातून बाहेर गेली. खांबामागे बघितलं. विजेच्या पेटीमागे बघितलं. मग आयांच्या घोळक्यातून थेट रस्त्यावर.

ताई कशी पळाली ते तिचं तिलाच माहीत. एक चप्पल फाटकात राहिली, घोटा मुरगळला तो नंतर चार दिवस सुजला. कोपऱ्यावर भाजीचा टेम्पो उभा होता, आणि त्याच्या मागच्या चाकाजवळ कासव पालथी पडून खाली बघत होती. ड्रायव्हरनं आत बसून नुकतीच चावी फिरवली होती. ताईनं दोन्ही हातांनी टेम्पोच्या पत्र्यावर बडवलं आणि असा काही आवाज लावला की वरच्या मजल्यावरच्या खिडक्या उघडल्या. "बंद कर! बंद कर आधी ते!" गाडी बंद झाली. ड्रायव्हर पांढरा पडून खाली उतरला. आणि त्या अचानक झालेल्या शांततेत ताईला ऐकू आलं, कासव टेम्पोखाली तोंड करून काय म्हणत होती ते.

"हरले. आजोबा, मी हरले ना. बाहेर ये आता. किती वेळा म्हणू?"

ताई तिथेच रस्त्यावर बसली. पोरीला ओढून मांडीत घेतलं. तिनं मनाशी दिवस मोजले. त्या सोमवारी लपलं कोण होतं? कासव. मग मंगळवारी लपायची पाळी कुणाची? पोर खोड्या काढत नव्हती. पंधरा दिवस ती राज्य घेऊन फिरत होती, एकटी, कुणाला न सांगता. कपाटात, मोरीत, वाळूत ती पुटपुटायची ते "हरले" होतं. आणि आजोबा अट मोडून बाहेर येत नव्हते.

"ते माझ्यावर चिडलेत का?" कासवानं विचारलं. "मी सोमवारी खूप पळवलं त्यांना. त्यांना धाप लागली होती."

उत्तर ताईकडे होतं, पण ते तिनं "बरं" म्हणून गहाण टाकलेलं होतं. तिनं पोरीला उचललं आणि लंगडत परत आणलं. बाकीच्या हाका छोट्या ताईनं दिल्या.

एक वाजता आई आली ती तणतणतच. कोपऱ्यावरच तिला कुणीतरी सगळं सांगितलं होतं. कासव आतल्या बाजूला ठोकळे मांडत होती.

"गाडीखाली गेली होती माझी पोर?"

"गाडीखाली बघत होती. गाडी सुरू होणार होती," ताई म्हणाली. "चूक माझी आहे. मी सवयीनं आजोबांची हाक दिली. आणि फाटक उघडं होतं."

"तुम्हाला मी एवढंच सांगितलं होतं ना, की विषय काढू नका? एवढं एक झालं नाही तुमच्याच्यानं? उद्यापासून नाही पाठवायची मी हिला."

"नका पाठवू. तुमच्या जागी मी असते तर मीही नसती पाठवली. पण आज दहा मिनिटं बसा. ती काय शोधत होती, ते तरी ऐकून जा."

बसायला त्या खोलीत पोरांच्या खुर्च्यांशिवाय दुसरं काही नव्हतं. दोघी गुडघे पोटाशी घेऊन त्या वीतभर खुर्च्यांवर बसल्या. ताईनं सांगितलं. सोमवारचा डाव, मंगळवारची पाळी, कपाटं, "हरले". आई ऐकत होती आणि तिचा रागाचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

"म्हणजे बाबा हिच्यावर रुसलेत असं वाटतंय हिला?"

"हिनं पळवलं म्हणून."

आईनं दोन्ही हात तोंडावर घेतले. मग जे ताईनं सव्वीस वर्षांत या खोलीत कुणालाही सांगितलं नव्हतं, ते सांगायला लागली.

"माझे वडील गेले तेव्हा मी पाच वर्षांची होते. मला सांगितलं, कामाला गेलेत, शहाण्यासारखी वागलीस तर लवकर येतील. मी वागले हो. दूध सांडलं नाही, हट्ट केला नाही, ताप आला तरी रडले नाही. सगळे म्हणायचे, काय शहाणी पोर आहे! आणि ते येईनात. मग मी आठवत बसायचे, की कुठल्या दिवशी मी शहाणी नव्हते. माझ्यामुळेच अडलंय ना सगळं. दहा वर्षांची असताना शेजारच्या मुलीनं भांडणात तोंडावर फेकलं, तुझा बाप केव्हाच मेलाय. तुम्हाला खोटं वाटेल, पण मला आधी हायसं वाटलं. म्हटलं, चला, म्हणजे माझं काही चुकलं नव्हतं. रडू नंतर आलं, दोन दिवसांनी."

छोटी ताई झाडू हातात धरून कोपऱ्यात उभी होती. आपल्याला पहिल्या दिवशी बोलणी का बसली, ते तिला तेव्हा कळलं.

"माझ्या तोंडातून तो शब्द निघत नाही, ताई," आई म्हणाली. "बाबा मेले असं मी मनातसुद्धा म्हटलेलं नाही. म्हणायला गेले तर रडू फुटेल. आणि मी रडले तर ती घाबरेल."

"घाबरेल थोडी. आत्ता काय कमी घाबरलीय? आजोबा दिसत नाहीत आणि आई रोज केस विंचरून गप्प बसलीय. तुम्ही रडा खुशाल. शब्द मी म्हणते. तुम्ही फक्त तिला जवळ घ्या."

आईनं ठोकळे मांडणाऱ्या पोरीकडे पाहिलं आणि मान डोलावली.

ताईनं कासवाला हाक मारली. आईनं तिला मांडीवर घेतलं. ताई समोर फरशीवरच बसली, म्हणजे तिचं तोंड पोरीच्या तोंडासमोर आलं. एवढं उंचीनं कमी असण्याचा काहीतरी उपयोग व्हायचाच होता.

"कासव, मला तुला एक खरं सांगायचंय. खूप वाईट वाटेल असं आहे. आजोबा मेले. मेले म्हणजे त्यांचं शरीर चालायचं थांबलं. हृदय थांबलं, श्वास थांबला. आता ते चालत नाहीत, बोलत नाहीत, त्यांना भूक लागत नाही, काही दुखतही नाही. ते परत येणार नाहीत. मगाशी मी आजोबा आले म्हणाले ना, ती माझी चूक होती. ते आले नव्हते."

कासवानं आईकडे पाहिलं. आईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिनं मान हलवून "हो" म्हटलं.

"ते लपले नाहीत?"

"नाही. लपायला जिवंत असावं लागतं."

"मी हरले म्हटलं तरी नाही येणार?"

"तरी नाही, राणी. त्यांना ऐकूच येत नाही आता. ऐकू आलं असतं तर भोंगा वाजवत आले असते."

कासव ताईच्या एप्रनच्या खिशाची शिवण बोटानं उसवत राहिली. "मी पळवलं म्हणून मेले?"

"नाही," आईच म्हणाली, ताईच्या आधी. आवाज फाटला होता, पण शब्द नीट आला. "नाही गं बाळा. आजोबांचं हृदय आधीपासून आजारी होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं मला. पळाल्यानं नाही झालं. तू शोधायला लावायचीस ना, ते घरी येऊन मला रोज सांगायचे. जेवता जेवता हसायचे."

"आणि रागावले पण नव्हते?"

"एकदासुद्धा नाही," ताई म्हणाली. "मी रोज स्टुलावरून बघत होते."

पोर विचार करत होती. लहान मुलं विचार करतात तेव्हा चेहऱ्यावर अगदी दिसतं, कपाळाला केवढ्या आठ्या पडतात. शेवटी ती म्हणाली, "मग आता राज्य कुणावर?"

"कुणावरच नाही. तो डाव संपला, कासवा. तुला आता शोधायचं नाहीये."

तेव्हा ती रडली. पंधरा दिवसांचं सगळं बाहेर आलं. आईही रडली, काही राखून न ठेवता, आणि कोपऱ्यात छोट्या ताईनं झाडूच्या आडून डोळे पुसले. जरा वेळानं कासव हुंदके देत म्हणाली, "मला बिस्किट हवंय." ताईनं दोन दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई पोरांची दप्तरं अडकवत होती, पण डोळे कासवाच्या रिकाम्या खुंटीवर होते. येतेय कसली, असं ती धरूनच चालली होती. पावणेनऊला आई आली, मुलीचं बोट धरून. केस विस्कटलेले, डोळे लाल, पण चेहरा मोकळा. "घरी चार वेळा विचारलं तिनं, आजोबा कधी येणार," ती म्हणाली. "चारही वेळा सांगितलं मी. शब्द वापरून सांगितलं." मग आजोबांचं भिंग दोरीसकट तिनं ताईच्या हातात दिलं. ताईनं ते कासवाच्या खुंटीला बांधलं.

आता हे वाचून कुणाला वाटेल, की झालं, पोरीला कळलं, मिटलं. छे! पोरांचं असं नसतं. ती दर दोन दिवसांनी नव्यानं विचारायची, "आजोबा उद्या येणार?" आणि ताई दर वेळी, जणू पहिल्यांदाच विचारलंय अशी, खाली बसून सांगायची, "नाही. आजोबा मेले. येणार नाहीत." कासव कधी "बरं" म्हणून खेळायला पळायची, कधी ताईला लाथ मारायची. चड्डी ओली व्हायला लागली, ती छोटी ताई न बोलता बदलायची. चटयांचं कपाट आणखी काही दिवस उघडलं गेलं. "नाहीयेत ना?" "नाहीत." मग ती दार स्वतःच लावायची.

बाकीची पोरंही कान टवकारून होतीच. छत्रीनं भर डब्याच्या वेळी जाहीर केलं, "मला खोकला झालाय, मी मरणार." ताईनं तिला सांगितलं की खोकल्यानं नाक वाहतं, माणूस मरत नाही, आणि ते वाहणारं नाक आधी पूस. बाहुल्यांच्या कोपऱ्यात रोज एक बाहुली मरायला लागली. तिला चटईवर झोपवायची, वर रुमाल टाकायचा, सगळ्यांनी रडायचं आणि मग डबा खायचा. छोट्या ताईला ते बघवेना. "थांबवू का, ताई? आणि तुम्हीही त्यांना असं सरळ 'मेले' म्हणता..."

"मग वाकडं कसं म्हणू?" मोठी ताई म्हणाली. "खेळू दे त्यांना. आपल्याला जे बोलता येत नाही ते पोरं खेळून टाकतात. फक्त बाहुली परत देताना भांडणं होतात, तेवढी बघ."

एवढं सगळं बोलणाऱ्या या बाईला एक गोष्ट मात्र जमत नव्हती. तिला हाक देता येत नव्हती. त्या बुधवारनंतर तिनं ते काम छोटीवर टाकलं आणि घोट्याचं निमित्त सांगितलं. घोटा चार दिवसांत बरा झाला, निमित्त तीन आठवडे चाललं. खरी गोष्ट अशी की तिची एक हाक खोटी पडली होती, आणि आता पोरांनी कशाच्या भरवशावर उठायचं, असं तिला वाटत होतं. पोरंही छोटीच्या बारीक आवाजाला भीक घालत नव्हती. एक उठला की सगळे उठायचे. एका दुपारी बदक फाटकातून मावशीच्या ऐवजी पोस्टमनबरोबर निघालं. छोटी ताई रडकुंडीला आली. "ताई, मला काढून टाका, पण हे काम नको."

दुसऱ्या दिवशी साडेबाराला मोठी ताई स्टुलावर चढली. खालच्या बाकावर सगळी पोरं दप्तरं मांडीवर घेऊन गप्प बसली होती. आज आवाज खरा येणार, हे त्यांना कळलं होतं. ताईनं कडी धरली, पण आधी बाहेर पाहिलं. छत्रीची आई होती, बदकाची मावशी होती. खांबापाशी कुणी नव्हतं. तिनं तोंड उघडलं आणि गळ्यात ती पहिली हाक येऊन बसली, जी द्यायची नव्हती, आणि तिच्यामागे बाकीच्या सगळ्या अडकल्या. घड्याळात बारा तेहतीस झाले. बाहेरच्या आया एकमेकींकडे बघायला लागल्या.

कुणीतरी एप्रन ओढला. कासव बाकावरून उठून आली होती. हाक नसताना जागा सोडली म्हणून ताई एरवी ओरडली असती. कासवानं मान वर केली आणि समजूत काढायच्या आवाजात, हळूच, दुसऱ्या कुणाला ऐकू जाऊ नये असं म्हणाली,

"ताई, आजोबा नाही येणार. मेलेत ते. तू पुढची हाक मार."

ताईनं उजव्या खिशातला रुमाल काढला आणि पोरांची नाकं पुसायच्या त्या रुमालानं स्वतःचे डोळे पुसले, सगळ्यांसमोर. कासव परत जाऊन आपल्या जागेवर बसली. तिची आई एक वाजता येणार होती, तिला माहीत होतं.

"छत्री," ताईनं आवाज लावला, "आई आली!"

आणि छत्री दप्तर घेऊन धावली.